वापरलेल्या डिझेल एसयूव्हीत डीपीएफचा दिवा वारंवार का लागतो

ऑक्टोबर २०२३ मध्ये मी पुण्यात पहिल्या मालकाकडून एक डिझेल एसयूव्ही विकत घेतली. गाडीची नोंदणी २०२० च्या अखेरची, म्हणजे ती बीएस ६ या प्रदूषण मानकाची, आणि मीटरवर ५८,००० किलोमीटर होते. ताब्यात घेतल्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागला. पुढच्या सात महिन्यांत तो एकूण चार वेळा लागला. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये स्कॅनर जोडून, ज्याला तिथे ‘फोर्स रीजन’ म्हणतात ते करून, म्हणजे फिल्टरमधली काजळी जबरदस्तीने जाळून, दिवा घालवण्यात आला आणि प्रत्येक वेळी एकच सल्ला मिळाला की महिन्यातून एकदा गाडी हायवेला काढा, म्हणजे पुन्हा त्रास होणार नाही. मी गाडी हायवेला काढत होतो. तरीही त्रास होत होता. शेवटी जे कारण सापडले ते सायलेन्सरच्या नळीत नव्हतेच. ते इंजिनाच्या पुढच्या बाजूला, शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाच्या एका वॉल्व्हमध्ये होते. हा शोध कसा लागला आणि वाटेत कोणत्या गोष्टी तपासाव्या लागल्या, ते अशाच गाडीच्या अशाच तक्रारीने त्रासलेल्यांसाठी येथे सविस्तर मांडत आहे.

आधी हा फिल्टर काय करतो ते

भारताने बीएस ५ हा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून देशभर थेट बीएस ६ लागू केले. डिझेल मोटारींसाठी धुरातील कणांची मर्यादा बीएस ४ मध्ये किलोमीटरमागे ०.०२५ ग्रॅम होती, ती ०.००४५ ग्रॅम झाली. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण त्याच वेळी दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आले. कणांची ही मर्यादा गाठण्यासाठी डिझेल मोटारींच्या एक्झॉस्टमध्ये पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजेच डीपीएफ बसवणे अपरिहार्य झाले. त्याआधीच्या बहुसंख्य देशी डिझेल गाड्यांत हा फिल्टर नव्हता. त्यामुळे वीस वर्षे डिझेल गाड्या चालवलेल्या माणसाचा अनुभव इतर बाबतींत कितीही मोलाचा असला तरी या एका बाबतीत फारसा उपयोगी पडत नाही, आणि दुर्दैवाने जुनी गाडी घेताना आपण सल्ला त्याच माणसाचा घेतो.

फिल्टरची रचना मधाच्या पोळ्यासारखी असते. सिरॅमिकच्या शेकडो बारीक नळ्या, त्यांतील एकाआड एक नळी एका टोकाला बंद आणि शेजारची दुसऱ्या टोकाला बंद. आत आलेल्या वायूला बाहेर पडायला थेट वाट नसल्यामुळे तो नळीच्या सच्छिद्र भिंतीतून पलीकडच्या नळीत झिरपतो आणि काजळी अलीकडेच अडकते. ही काजळी साठत राहिली तर गाडीचा श्वासच कोंडेल, म्हणून ती ठराविक काळाने जाळावी लागते. हायवेवर भार घेऊन गाडी चालत असताना एक्झॉस्टचे तापमान अडीचशे ते चारशे अंशांपर्यंत जाते, तेव्हा धुरातीलच नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने काही काजळी आपोआप हळूहळू जळते. तेवढ्याने भागले नाही तर इंजिनाचा संगणक सिलिंडरमध्ये नेहमीच्या वेळेनंतर थोडे जादा डिझेल सोडतो. ते पुढे एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिस्टमध्ये जळून फिल्टरचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जळून जाते. या दुसऱ्या प्रकाराला ‘अ‍ॅक्टिव्ह रीजनरेशन’ म्हणतात. त्याला साधारण पंधरा ते वीस मिनिटे सलग चालणारी गाडी लागते.

येथे काजळी आणि राख यांतला फरक पक्का लक्षात ठेवावा, कारण निम्मी चुकीची निदाने येथूनच सुरू होतात. काजळी अपुऱ्या ज्वलनातून येते आणि ती जाळता येते. राख मुख्यतः इंजिन ऑइलमधील धातुयुक्त मिश्रणांची असते. ती कितीही तापवली तरी जळत नाही आणि फिल्टरच्या तळाशी साठत जाते. राखेने फिल्टर भरायला बहुतेक गाड्यांत लाखाच्या पुढचे किलोमीटर लागतात. म्हणून ५८,००० किलोमीटरच्या गाडीत फिल्टर ‘संपला’ असे कोणी सांगितले, तर एकतर मीटर खरा नाही किंवा निदान खरे नाही. माझ्या बाबतीत दुसऱ्या भेटीच्या वेळी हेच सांगण्यात आले आणि नव्या फिल्टरचा आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो, एवढेच सांगतो.

धूर दिसत नाही, हीच अडचण

पूर्वी डिझेल गाडीच्या इंजिनात काही बिघडले की मागून काळा धूर निघत असे आणि मागचा दुचाकीस्वार हातवारे करून ते कळवतही असे. टर्बोचा (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या यंत्राचा) पाइप फाटला, ईजीआर वॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा) उघडा राहिला, इंजेक्टर गळू लागला, एअर फिल्टर तुंबला, या सर्वांची खूण एकच होती. डीपीएफ असलेल्या गाडीत हा धूर फिल्टर गिळून टाकतो. धुराड्यातून काहीच दिसत नाही, पीयूसी चाचणी उत्तम होते, आणि आत मात्र फिल्टर नेहमीच्या दुप्पट वेगाने भरत असतो. डीपीएफचा दिवा म्हणजे पूर्वीचा काळा धूरच आहे, असे मी आता समजतो. फोर्स रीजन करून दिवा घालवणे म्हणजे धूर पुसण्यासारखे आहे. धूर का निघाला, हा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून एखाद्या गाडीत पहिल्यांदाच दिवा लागला असेल, तर ती शहरातल्या लहान फेऱ्यांमुळे आलेली साधी अडचण असू शकते. अर्धा तास सलग, चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये २,००० ते २,५०० आरपीएम ठेवून गाडी चालवली की बहुधा ती मिटते. दुसऱ्यांदा लागला तर सवयींचा विचार करावा. तिसऱ्यांदा लागला तर मात्र फिल्टरकडे पाहणे थांबवून त्याच्या अलीकडे आणि पलीकडे पाहावे.

आकडे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये

गाडीच्या संगणकाची माहिती वाचण्यासाठी स्टिअरिंगखाली असलेल्या ओबीडी सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ अडॅप्टर हजार-बाराशे रुपयांना मिळतो. साध्या मोफत अ‍ॅपवर डीपीएफची माहिती बहुधा दिसत नाही. आपल्या बनावटीच्या गाडीसाठी असलेले अ‍ॅप किंवा गॅरेजमधला चांगला स्कॅनर लागतो. मला ज्याचा खरा उपयोग झाला ती माहिती चार प्रकारची होती.

पहिली, फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक. हा मोजणारा सेन्सर दोन बारीक नळ्यांनी फिल्टरच्या आधी आणि नंतर जोडलेला असतो, काही गाड्यांत फक्त आधीची एकच नळी असते. चावी फिरवून इंजिन बंद असताना हा आकडा शून्य असला पाहिजे. इंजिन बंद असतानाच तो पंधरा-वीस मिलिबार दाखवत असेल, तर फिल्टरला दोष देण्याचे कारणच नाही. सेन्सरच चुकीचा आकडा दाखवत आहे आणि तो संगणकाला फिल्टर भरल्याची खोटी बातमी देत आहे. नळ्या कडक होऊन चिरतात, त्यांत पाणी व काजळी अडकते आणि कधीकधी कोणीतरी आधीच्या कामात त्या उलटसुलट जोडलेल्या असतात. एवढी साधी तपासणी असूनही पहिल्या दोन गॅरेजांत ती कोणीच केली नव्हती. माझ्या गाडीत हा आकडा शून्यच आला. फिल्टर स्वच्छ असताना आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असताना, ६ आणि २,५०० आरपीएमला ३० मिलिबारच्या आसपास दाब होता. दिवा लागला असताना तेच आकडे २४ आणि १३० पर्यंत गेले होते. म्हणजे सेन्सर खरे बोलत होता आणि फिल्टर खरोखरच तुंबत होता.

दुसरी माहिती, मागच्या यशस्वी रीजनरेशननंतर किती किलोमीटर झाले आणि त्याआधीचे किती प्रयत्न अर्धवट राहिले. निरोगी गाडीत हे अंतर वापरानुसार तीनशे ते सहाशे किलोमीटर किंवा त्याहून अधिक असते. माझ्याकडे ते १८० वर आले होते आणि अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांची संख्या लाज वाटावी इतकी होती.

तिसरी, टर्बोचा अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब. चौथी, कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमान. या चौथ्या आकड्याकडे मी फार उशिरा पाहिले.

स्कॅनरवर दिसणाऱ्या बिघाडाच्या कोडच्या बाबतीत एक सूचना करावीशी वाटते. पी २४६३ हा कोड काजळी साठल्याचे सांगतो, पी २४२एफ राख साठल्याचे सांगतो आणि पी २००२ फिल्टरची कार्यक्षमता कमी झाल्याचे, म्हणजे बहुधा तो तडकल्याचे किंवा आतून रिकामा केल्याचे सुचवतो. गॅरेजमध्ये या तिघांना मिळून ‘डीपीएफचा कोड’ असे म्हणतात आणि तिघांवर एकच उपाय करतात. कोड पुसण्याआधी त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. सोबत पी ०२९९, म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी, किंवा पी ०४०१ हा ईजीआरचा कोड असेल, तर आधी तो सोडवावा. डीपीएफचा कोड बहुतेकदा परिणाम असतो.

पहिले कारण: इंटरकूलरचा पाइप

तिसऱ्यांदा दिवा लागल्यावर मी सातारा रस्त्यावरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी लिफ्टवर घेण्याआधीच बॉनेट उघडून टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या रबरी पाइपच्या खालच्या बाजूला बोट फिरवले आणि तेलकट काळे बोट मला दाखवले. या पाइपच्या आत थोडे तेलाचे बाष्प नेहमीच असते. पाइप चिरला की ते दाबाने बाहेर येते आणि त्यावर धूळ बसते. क्लॅम्पच्या कडेला नखाएवढी चीर होती. गाडी उभी असताना ती मिटलेली राहायची, दाब आला की उघडायची. स्कॅनरवर पाहिले तेव्हा चढावर अपेक्षित दाब २,२०० मिलिबार होता आणि प्रत्यक्षात १,९५० च मिळत होता. हवा कमी, डिझेल तेवढेच, म्हणजे काजळी जास्त. कोड मात्र आला नव्हता, कारण फरक कोड उमटण्याइतका मोठा नव्हता.

पाइप बदलल्यावर गाडीचा उठाव सुधारला आणि रीजनरेशनचे अंतर १८० वरून २६० किलोमीटरपर्यंत गेले. मी समाधानी झालो. मिस्त्री झाले नाहीत. “साहेब, अडीचशे म्हणजे अजून काहीतरी आहे. चारशेच्या वर गेले पाहिजे,” असे ते म्हणाले. मे २०२४ मध्ये दिवा चौथ्यांदा लागला.

याच टप्प्यावर ईजीआर वॉल्व्ह काढून पाहिला. त्यात काजळी होती, पण तो पूर्ण मिटत होता. इंजेक्टरच्या करेक्शनचे, म्हणजे संगणक प्रत्येक इंजेक्टरच्या डिझेलमध्ये करत असलेल्या फेरबदलाचे, आकडे मर्यादेत होते. एअर फिल्टर नवा होता. ही तिन्ही तपासण्या निष्फळ ठरल्या तरी त्या वगळू नयेत. मोठ्या शहरातल्या बंपर-टू-बंपर गर्दीत चाललेल्या गाडीत ईजीआर हा सर्वांत आधी संशय घ्यावा असाच भाग आहे.

खरे कारण

आता हायवेच्या सल्ल्याकडे परत येतो. मुलांची शाळा घरापासून तीन किलोमीटरवर, भाजी मंडई पाच किलोमीटरवर. या फेऱ्यांत रीजनरेशन सुरू होत असे, पण पूर्ण होत नसे. ते सुरू असल्याच्या खुणा ठाऊक असतील तर ओळखू येतात: आयडलचा आरपीएम नेहमीच्या ८०० ऐवजी हजाराच्या जवळ राहतो, स्क्रीनवरचे तात्कालिक मायलेज एकदम घसरते, गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहतो आणि गाडीजवळ तापलेल्या लोखंडाचा वास येतो. मला त्या ठाऊक नव्हत्या, म्हणून शाळेच्या फाटकाशी मी नेमके रीजनरेशन तोडून गाडी बंद करत होतो. हे एवढेच कारण असते, तर दर महिन्याच्या सातारा फेरीत हिशेब चुकता व्हायला हवा होता.

मेमधल्या एका पहाटे मिस्त्रींनी स्वतः गाडीत बसून स्कॅनर मांडीवर घेतला आणि आम्ही साताऱ्याच्या दिशेने निघालो. शहरात कूलंटचे तापमान ८३ अंश होते. कात्रजचा बोगदा ओलांडून खेड शिवापूरच्या दिशेने गाडी ८०-९० च्या वेगाने उतरू लागली आणि आकडा उतरत उतरत ६७ वर येऊन थांबला. डॅशबोर्डवरची सुई सगळा वेळ अगदी मध्यावर होती. “साहेब, सुई बघू नका, आकडा बघा,” मिस्त्री म्हणाले. आजकालच्या गाड्यांत सुई जाणूनबुजून स्थिर ठेवलेली असते. बऱ्याच मोठ्या टप्प्यातले तापमान ती मध्यावरच दाखवते, जेणेकरून चालकाने विनाकारण घाबरू नये.

दोष थर्मोस्टॅट वॉल्व्हमध्ये होता. थंड इंजिनात हा वॉल्व्ह बंद राहून पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही आणि इंजिन तापल्यावर उघडतो. माझ्या गाडीतला पूर्ण बंदच होत नव्हता. शहरात, वारा लागत नसताना, इंजिन कसेबसे ऐंशीच्या पुढे जाई. हायवेवर समोरून वारा लागला की रेडिएटर त्याला थंड करून टाकी. आणि इंजिन पुरेसे तापलेले नसेल तर संगणक अ‍ॅक्टिव्ह रीजनरेशनला परवानगीच देत नाही. आमच्या फेरीत ७० च्या खाली ते एकदाही सुरू झाले नाही. म्हणजे शहरात रीजनरेशन सुरू व्हायचे पण त्याला वेळ मिळत नव्हता, आणि हायवेवर वेळच वेळ होता पण ते सुरूच होत नव्हते. गॅरेजमध्ये गाडी उभी करून केलेले फोर्स रीजन मात्र प्रत्येक वेळी यशस्वी व्हायचे, कारण उभ्या गाडीला वारा कुठला लागणार? ज्या उपायाने दिवा जात होता त्यानेच खरा दोष झाकला जात होता.

थंड इंजिन काजळीही अधिक करते, हा त्यावरचा आणखी एक भार. अशा दोषासाठी पी ०१२८ हा कोड असतो, परंतु माझ्या गाडीत तो कधीच उमटला नाही; म्हणून कोड नाही म्हणजे थर्मोस्टॅट ठीक, असे समजू नये. पहाटेच्या थंड वेळी गाडी हायवेला न्यावी, वीस मिनिटे स्थिर वेगाने चालवावी आणि तापमान ८५ ते ९० च्या आसपास टिकते का ते पाहावे. ही तपासणी फुकट आहे आणि ती सर्वांत आधी करायला हवी होती, हे मी आता कबूल करतो.

इंजिन ऑइल वाढलेले दिसले तर

ज्या गाडीत रीजनरेशन वारंवार अर्धवट राहिले आहे, तिच्या डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइलची पातळी वाढलेली सापडते. जादा सोडलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळते. ऑइल कमी होणे आपल्या परिचयाचे आहे. ते वाढलेले पाहून काही जण खूश होतात. माझ्या गाडीत पातळी वरच्या खुणेच्या जवळजवळ बोटभर वर होती आणि पट्टीला डिझेलचा वास येत होता. असे पातळ झालेले ऑइल टर्बोच्या बेअरिंगला घातक असते, म्हणून मूळ दोष दूर केल्यानंतर मुदत झाली नसली तरी ऑइल बदलावे. ते कमी राखेचे असणे आवश्यक आहे. डब्यावर एसीईए (युरोपीय वाहन उत्पादकांची संघटना) सी २ किंवा सी ३ असा, उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेला वर्ग पाहावा. सी ३ वर्गात सल्फेटेड राखेचे प्रमाण ०.८ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. स्वस्तातले ‘टर्बो डिझेल’ ऑइल घालून वाचवलेले हजार-दीड हजार रुपये फिल्टरमध्ये राखेच्या रूपाने जमा होतात आणि तिथून ते परत मिळत नाहीत.

गळती, आवाज आणि वास

डीपीएफच्या चौकशीत गाडी लिफ्टवर चढतेच, तेव्हा बाकीचा एक्झॉस्टही पाहून घ्यावा. जुन्या गाडीत सर्वांत आधी हार मानतो तो जाळीचा लवचीक पाइप. इंजिन रबरी माउंटिंगवर हलत असते आणि सायलेन्सर चेसिसला टांगलेला असतो. दोघांमधले ओढणे-ताणणे हा पाइप सोसतो. माउंटिंग बसले असेल तर नवा पाइपही वर्ष-दीड वर्षात फाटतो, म्हणून पाइप दुसऱ्यांदा फाटला असेल तर वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी माउंटिंग पाहावे. गळतीची जागा शोधायला फार यंत्रणा लागत नाही. सांध्याभोवती काजळीचे काळे पंख उमटलेले असतात. इंजिन थंड असताना सुरू करून, दुसऱ्या कोणाला जाड कापडाने टेलपाइप क्षणभर दाबून धरायला सांगितले, तर गळतीच्या ठिकाणी फुसकारा स्पष्ट ऐकू येतो. सकाळी टिक-टिक आवाज येतो आणि पाच मिनिटांत थांबतो, अशी तक्रार असेल तर मॅनिफोल्डचे गॅस्केट किंवा तुटलेला स्टड यांचा संशय घ्यावा. धातू तापून प्रसरण पावला की फट मिटते. फिल्टरच्या अलीकडची गळती सेन्सरांनाही चुकवते आणि रीजनरेशनला लागणारी उष्णता बाहेर घालवते.

गाडीच्या आत धुराचा वास येत असेल, तर ते काम पुढच्या रविवारवर ढकलू नये. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. एसयूव्हीचा मागचा दरवाजा उघडा ठेवून लांब सामान नेताना मागची हवा आत ओढली जाते, हेही ध्यानात असावे.

सायलेन्सरचा गंज हा वेगळा विषय आहे आणि त्यात गूढ काही नाही. एक लिटर डिझेल जळताना साधारण लिटरभर पाणी तयार होते. लहान फेऱ्यांत सायलेन्सर पुरेसा तापत नाही आणि ते पाणी आतच राहते. गाडी कोकणात वापरलेली असेल तर खारी हवा बाहेरून मदत करते. टांगण्याची रबरे आणि हीट शील्डचे क्लॅम्प हे शंभर-दोनशे रुपयांचे भाग आहेत. खडखड आवाजावर मोठा खर्च सांगितला गेला तर आधी तेवढे बदलून पाहावे.

एक सूचना मात्र ठळकपणे करतो. रीजनरेशन सुरू असताना किंवा नुकतेच संपले असताना गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नये. दिवाळीनंतर सह्याद्रीच्या माळांवर गुडघाभर सुके गवत असते आणि गाडीखाली शेकडो अंश तापलेला डबा असतो.

साफसफाई, बदल आणि ‘डिलीट’

फिल्टर काढून भट्टीत तापवून आणि हवेच्या झोताने स्वच्छ करणे हा राखेवरचा योग्य उपाय आहे, पण तो करणारी जागा दाबातील फरकाचे आधीचे आणि नंतरचे आकडे देत असेल तरच. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाने फिल्टर धुणे टाळावे, त्याने आतील सिरॅमिकभोवतीची गादी आणि कॅटॅलिस्टचा थर खराब होतो. स्कॅनरवरून नुसती राखेची नोंद शून्य करून ‘काम झाले’ म्हणणे ही तर सरळ फसवणूक आहे. त्यात फिल्टर तसाच राहतो, फक्त गाडीची आठवण पुसली जाते. काजळी फारच साठली असेल तर फोर्स रीजनही धोक्याचे ठरते, कारण ती एकदम पेटून फिल्टर तडकू शकतो. स्कॅनर अशा वेळी नकार देतो, आणि तो नकार ओलांडण्याची युक्ती कोणी सुचवली तर गाडी परत घ्यावी.

तिसऱ्या भेटीच्या आधी एका ठिकाणी मला फिल्टर पोकळ करून सॉफ्टवेअर बदलून देण्याचा, म्हणजेच ‘डिलीट’चा, प्रस्ताव मिळाला होता. किंमत नव्या फिल्टरच्या तुलनेत किरकोळ होती आणि मोह झाला नाही असे म्हणणार नाही. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात असे बदल करता येत नाहीत, कलम १८२ अ नुसार मालकाला बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंतचा दंड आणि लायसन्सवर तीन महिन्यांची गदा येऊ शकते. माझ्यापुरता निर्णय त्याहून साध्या कारणाने झाला. फिल्टर पोकळ केला असता तर चिरलेला पाइप आणि बिघडलेला थर्मोस्टॅट तसेच राहिले असते, आणि शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मुलांच्या तोंडावर ती काजळी गेली असती.

अशी गाडी घेण्यापूर्वी

टेलपाइपच्या आत बोट फिरवून पाहावे. डीपीएफ शाबूत असलेल्या बीएस ६ डिझेल गाडीत ते जवळजवळ स्वच्छ निघते. बोट काळे झाले तर फिल्टर तडकलेला आहे किंवा जागेवरच नाही. डिपस्टिक काढून ऑइलची पातळी आणि वास पाहावा. स्कॅनर जोडून मागच्या रीजनरेशननंतरचे अंतर आणि राखेची नोंद पाहावी. काही गाड्यांत ही नोंद मीटरशी जुळत नाही आणि मीटर मागे फिरवल्याचे तिथेच उघड होते. चावी दिल्यावर डीपीएफचा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझतो की लागतच नाही, हे पाहावे, कारण सॉफ्टवेअर बदललेल्या गाडीत तो कायमचा झोपवलेला असतो. विक्रेत्याला गाडी रोज किती अंतर जात होती, हे सहज विचारावे. माझ्या गाडीच्या पहिल्या मालकांनी मोठ्या अभिमानाने सांगितले होते की गाडी कधी गावाबाहेर गेलीच नाही, आणि मीही ते ऐकून खूश झालो होतो.

थर्मोस्टॅट जून २०२४ मध्ये गॅस्केट आणि कूलंटसह बदलला. त्याचा खर्च चारपैकी कोणत्याही एका फोर्स रीजनपेक्षा कमी आला. त्यानंतर हायवेवर तापमान ८८ च्या खाली गेलेले नाही आणि रीजनरेशनचे अंतर ४२० ते ४८० किलोमीटरांच्या दरम्यान राहते. स्कॅनर गाडीतच ठेवला आहे. शाळेच्या फाटकाशी पोचल्यावर आयडल हजारावर दिसला की मुलांना उतरवून मी एक फेरी मोठ्या रस्त्याने मारून येतो.